ताई, तुझी तीन चुकीची उत्तरं

ताई,

तुझ्या घरी बसायला आलेली माणसं जाताना माझा हात हातात घ्यायची आणि एकच गोष्ट बोलायची. बोलणं गेलेल्या बहिणीला तुम्ही पुन्हा बोलतं केलंत, भाऊ असावा तर असा. भाऊजी शेजारी खाली मान घालून ऐकत असायचे. मीही मान हलवायचो. दुःखाच्या घरात खुलासे कुठे करत बसायचे, असं तेव्हा वाटलं. आता तुझं सगळं झालं, सतरंज्या उचलल्या गेल्या, माणसं यायची थांबली, आणि तो न केलेला खुलासा माझ्या उरावर तसाच आहे. म्हणून तुलाच सांगतो. तुला ते ठाऊक होतं, हे मला माहीत आहे. तरी सांगतो, कारण तू होतीस तेव्हा मी ते तुला बोलू दिलं नाही.

आपलं भांडण फार जुनं. तू अकोल्यात पहिलीला शिकवायचीस आणि मी अमरावतीत गणिताचे क्लास घ्यायचो. एका घरातले दोन मास्तर, आणि शिकण्याच्या बाबतीत दोघांचं एका गोष्टीवर एकमत नव्हतं. माझं म्हणणं असं की डोकं असतं किंवा नसतं. म्हणून दर जूनमध्ये मी चाचणी घ्यायचो आणि पोरांच्या अ, ब, क अशा बॅच पाडायचो. अ बॅचला मी स्वतः शिकवायचो, तिच्यातल्या पोरांचे फोटो बाहेरच्या फलकावर लागायचे. क बॅच त्या वर्षी जो नवा मास्तर मिळेल त्याच्या गळ्यात. तू म्हणायचीस, तुझ्या पहिलीत दरवर्षी अशी पोरं येतात ज्यांना दिवाळीपर्यंत अक्षर लागत नाही. मग एखाद्याला मामाच्या गावची बस ओळखायची असते, एखाद्या पोरीला आईच्या मोबाइलवर कुणाचा फोन येतो ते बघायचं असतं, आणि दोन आठवड्यांत ते पोर वाचायला लागतं. वाचावंसं वाटलं की अक्षर लागतं, एवढा साधा तुझा हिशेब.

आपण सगळे चिखलदऱ्याला गेलो होतो ते आठवतं? धुक्यात दरी दिसेना म्हणून टपरीवर कॉफी घेत बसलो होतो. मी यंदाच्या निकालाचं काहीतरी सांगत होतो. तू कप खाली ठेवलास आणि म्हणालीस, "तू पोरायले शिकवत नाही बापू, निवडून राहिला. निवडलेले गहू कोनीही दळते."

मी चिडलो. पहिलीची गोष्ट वेगळी, पुढे खरी परीक्षा असते, असं काहीबाही बोललो. तू शांतपणे कॉफी संपवलीस. "मंग तुले पहिलीत अक्षर कोनं शिकवलं? दिवाळी उलटून गेली होती तवा." सगळे हसले. मीही हसलो आणि विषय बदलला. नांदगाव खंडेश्वरच्या घरात मला पायरीवर बसवून, किराणा आणलेल्या कागदावरच्या जाहिराती वाचून घेणारी तूच होतीस. त्यांच्यात गोळ्या-बिस्किटांची चित्रं असायची, आणि मला बिस्किटं फार आवडायची. हे मी विसरलो होतो असं नाही. त्याचा माझ्या क्लासशी काही संबंध आहे, असं मला वाटत नव्हतं.

मग त्या उन्हाळ्यात तुला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं की हिला समजतं सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाही. मी ते ऐकलं, पण डोक्यात घेतलं नाही. अमरावतीत चांगल्या स्पीच थेरपिस्ट आहेत, माझं घर मोठं आहे, भाऊजींना एकट्याला जमणार नाही, असं म्हणून मी तुला माझ्याकडे आणलं. त्यात माया होती, ताई. ती खोटी नव्हती. पण त्यात आणखी एक होतं. शिकवणं मला येतं, अशी माझी खात्री होती.

मी तुझा क्लास लावला. दुसरा शब्द नाही त्याला. वरच्या खोलीत पांढरा फळा आणला, वेळापत्रक चिकटवलं, चित्रांची कार्डं छापून घेतली. छत्री, घड्याळ, शेंगदाणे, कात्री. थेरपिस्ट मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. त्या तुझ्याशी स्वयंपाकाच्या, शाळेच्या गप्पा मारायच्या आणि जाताना मला बजावायच्या की बोलत राहा, परीक्षा घेऊ नका. मी हो म्हणायचो आणि रविवारी चाचणी घ्यायचो. कार्ड समोर धरायचो. तुझे ओठ हलायचे, "ते... ते..." व्हायचं, कपाळावर घाम यायचा. ठरलेला वेळ झाला की मी कार्ड उलटं ठेवायचो आणि पुढचं उचलायचो. शेवटी लाल पेनानं गुण लिहायचो. जिनं आयुष्यभर कुणा पोराच्या पाटीवर फुली मारली नाही, तिच्यासमोर.

हळूहळू तू तोंड उघडायचंच बंद केलंस. एका रविवारी मी कार्ड धरलं आणि तू डोळे मिटून घेतलेस. तो तुझा नकार होता, हे मला कळायला हवं होतं. मी त्याचाही गुण लिहिला.

सहा महिने होत आले होते. जे यायचं ते सहा महिन्यांत येतं, पुढे नाही, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. मॅडमना विचारायची तसदीही घेतली नाही. गॅलरीत जाऊन भाऊजींना फोन लावला आणि म्हणालो, "जेवढं यायचं तेवढं आलं. आता मेंदू बंद झाला तिचा. घेऊन येतो." फोन ठेवून वळलो तर तू दारात उभी होतीस, डाव्या हातानं चौकट धरून. माझ्याकडे पाहिलंस, आत गेलीस आणि एका हातानं आपल्या साड्या पिशवीत भरायला लागलीस.

मी स्वतःची समजूत घातली की तू ऐकलं नसशील. गाडीत बसल्यावर दुसरी समजूत घातली, की ऐकलं असलं तरी तुला समजलं नसेल. ही दुसरी पहिलीपेक्षा वाईट होती.

अकोल्याला पोचलो ते दिवस भुलाबाईचे होते. तुझ्या गल्लीतल्या पोरी संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या अंगणात जमायच्या. त्या दिवशी त्या तुझ्याकडे आल्या, कारण दरवर्षी यायच्या. मातीची भुलाबाई पाटावर मांडली, टिपऱ्या घेऊन गाणी सुरू झाली. तुझ्या तोंडून गाण्याच्या ओळी सबंध बाहेर पडत होत्या. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पाठ असलेलं गाणं बोलणं गेल्यावरही निघतं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तुला खुर्चीवर बसवून मी परतीच्या गाडीची वेळ बघत होतो.

तेवढ्यात बांगड्यांचं दुकान बंद करून शेजारच्या नसीमभाभी आल्या, पदराखाली डबा घेऊन. तुमचं दोघींचं हे खेळातलं वैर किती वर्षांचं होतं. त्यांच्या मुली लहान असताना तुझ्याच अंगणात भुलाबाई खेळल्या. गाणी संपली की खाऊ ओळखायचा. बंद डबा वाजवून दाखवायचा, गोड की तिखट एवढंच सांगायचं, बाकी आवाजावरून ओळखायचं. कितीही वेळा चुका, चालतं. पण "हरलो" म्हटल्याशिवाय डबा उघडायचा नाही. तू त्या खेळात कधी हरली नव्हतीस, आणि नसीमभाभी दरवर्षी तुला हरवायला काहीतरी नवीन शोधून आणायच्या.

त्या तुझ्यासमोर खाली बसल्या आणि डबा तुझ्या कानापाशी नेऊन वाजवला. "गोड हाये. सांगा, शालूबाई."

मी मध्ये पडलो. म्हणालो, भाभी, तिला नाही सांगता येणार, राहू द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमी थांबा सर, हे आमचं हाये. शालूबाई, हारल्या म्हना, मी आत्ता उघडते."

तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं. राग होता तो. तू ओठ जुळवत राहिलीस.  नसीमभाभी डबा मांडीवर ठेवून, आपल्याला रात्रभर दुसरं काम नाही अशा बसल्या होत्या.

"फु... फुटाने."

"नाही."

बराच वेळ गेला. "शेंगा."

"गोड म्हनलं ना मी. नाही."

तू स्वतः डबा हातात घेतलास, वाजवलास. "बोरं."

पोरी फिस्सकन हसल्या. "या दिवसात बोरं कोन्या झाडाले लागले हो? मलेही दाखवा," नसीमभाभी म्हणाल्या. आणि ताई, तू हसलीस. तोंड किंचित वाकडं होत होतं, तरी पोटातून हसलीस. हरले मात्र म्हणाली नाहीस. डबा मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हतीस. शेवटी नसीमभाभी म्हणाल्या, ठेवा तुमच्याजवळच, उद्या सांगा, पण उघडून पाह्यलं त पाप लागन.

मी मनातल्या मनात गुण दिले होते. तीनपैकी शून्य.

परतताना गाडीतून मॅडमना फोन केला, जवळजवळ तक्रार करावी तसा. म्हणालो, तीन उत्तरं दिली, तिन्ही चुकली. त्यांनी डब्याचा सगळा खेळ आणि ती तिन्ही उत्तरं माझ्याकडून विचारून घेतली. मग म्हणाल्या, "सर, फुटाणे, शेंगा, बोरं. तिन्ही खायच्या वस्तू, तिन्ही डब्यात वाजणाऱ्या. कुणी चित्र दाखवलं नव्हतं. तिनं स्वतः विचार करून तीन शब्द शोधले. आणि तुम्ही चूक-बरोबर काय मोजताय?"

मग त्यांनी मला सावकाश समजावलं. मेंदूचा जो भाग गेला तो गेला, पण त्याच्या आजूबाजूचे भाग त्याचं काम शिकू शकतात. शेतातून पायवाट पडते तसं असतं ते. जिकडून माणूस रोज येतो-जातो तिकडे वाट पडते. पण माणसाला जिकडे जायचंच नाही, तिकडे कशी पडेल? छत्रीचं चित्र पाहून छत्री म्हणायची तिला काय पडली आहे, तुम्हालाही दिसतेय की ती छत्री. नसीमभाभींना हरवायचं होतं, तिथे तिला शब्द हवा होता. सहा महिन्यांचंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीला भरभर येतं, नंतर हळू येतं. हळू म्हणजे बंद नव्हे. तुम्हाला हे सांगितलं कुणी?

कुणी सांगितलं होतं ते मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला. त्या शांत माणसाला मी इतकं भरभर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "अरे बापू, सकायी उठल्याबरोबर हे खारका म्हने. मले वाटलं खायाले मागून राहिली. म्या फडताळातून काढून हातात देल्ली त फेकली माया अंगावर. आन् डबा दाखवते." तुम्ही दोघं तसेच नसीमभाभींच्या दारात गेलात. त्यांच्यासमोर डबा उघडला. खारकाच होत्या.

मी फोन ठेवला आणि वरच्या खोलीत जाऊन बसलो. समोर माझा फळा होता. या खोलीत चुकलेलं उत्तर म्हणजे लाल फुली. त्या अंगणात चुकलेलं उत्तर म्हणजे खेळ अजून चालू आहे. एवढाच फरक होता, आणि तो मला इतकी वर्षं शिकवूनही माहीत नव्हता. तुला होता. म्हणून तर तू पहिलीलाच शिकवत राहिलीस.

कोजागिरीला भुलाबाई उठली. नसीमभाभी थांबल्या नाहीत. दुकान बंद झालं की डबा घेऊन हजर. भाऊजी म्हणाले, हा पोरींचा खेळ, महिनाभराचा, वर्षभर कुठे खेळतात? नसीमभाभी म्हणाल्या, आमी खेळतो. पुढे भाऊजीच चोरून वाण्याकडे जाऊन काय काय आणायला लागले. लाह्या, राजगिऱ्याचे लाडू, ईदच्या आधी कोरड्या शेवया. एकदा त्यांनी साबुदाणा ठेवला, तेव्हा कच्चा कोनी खाते का म्हणून तू त्यांना डाव रद्द करायला लावलास. त्या दिवशी पहिल्यांदा तू सबंध वाक्यात भांडलीस.

नंतर पुष्कळ आलं. भाजीवाल्याशी घासाघीस आली. पेपरातले मथळे आले. आकडे मात्र शेवटपर्यंत घसरायचे, पंधराचे पन्नास व्हायचे. लांब वाक्य अर्ध्यावर अडायचं. कधी माझ्या बायकोला माझ्या नावानं हाक मारायचीस आणि दोघी हसत बसायचात. सगळं परत आलं असं लोक म्हणतात ते खरं नाही. सगळं येण्याची गरजच नव्हती. एका दुपारी माझा फोन वाजला, भाऊजींचा नंबर होता. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मी काही बोललो नाही, कसं कोण जाणे, गप्प राहिलो. "मी शालू," तू म्हणालीस. "तुही ताई." क्लासचा तास सुरू होता. पोरांना बसवून मी बाहेर जिन्यावर आलो होतो. बराच वेळ आत गेलो नाही.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो.

गेल्या हिवाळ्यात मी आलो होतो. तू अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतीस, मी समोर बसून सोलत होतो. तू थांबलीस. माझ्याकडे पाहिलंस आणि सुरुवात केलीस. "बापू, तवा... तू... फोनवर..."

तुला काय म्हणायचं होतं ते मला पहिल्या शब्दालाच कळलं.  आणि मी काय केलं? पटकन म्हणालो, "फोन पाहिजे का? कोणाला लावू?" उठून आत गेलो आणि फोन आणून तुझ्या हातात दिला. तू तो मांडीवर ठेवलास. माझ्याकडे पाहत राहिलीस. मग पुन्हा शेंगा सोलायला लागलीस.

तुझा शब्द सावकाश यायचा आणि माझा लवकर, याचा मी फायदा घेतला. गॅलरीत जे बोललो ते अज्ञान होतं, असं एखाद्या वेळी स्वतःला सांगता येतं. शेंगांच्या त्या दुपारचं तसं नाही. तेव्हा मला सगळं समजत होतं. शब्दासाठी माणसाला किती झगडावं लागतं ते मी तुझ्यात दोन वर्षं पाहिलं होतं, आणि तरी तो तुझ्या तोंडून काढून घेतला.

तुला काय म्हणायचं होतं, यावर मी खूप विचार केलाय. रागावणार होतीस? की माफ केलं म्हणणार होतीस? की तुझ्या सवयीप्रमाणे टोमणा मारणार होतीस, फोनवर मेंदू बंद झाला म्हनत होता ना, पाह्य आता? तुला ओळखतो तर तिसरं. पण मला तिसरं ठरवायचा हक्क नाही. तुझ्या वाक्याचा शेवट माझ्याजवळ नाही, आणि या वेळी मी तो भरणार नाही.

या वर्षी चाचणी झाली नाही, ताई. तत्त्व म्हणून नव्हे, खोटं कशाला बोलू. तुझ्या जाण्याच्या धावपळीत ती घ्यायची राहिली, क्लास सुरू झाले आणि पोरं आली तशी एकत्र बसली. काहींच्या आईबापांनी कुरकुर केली. मी म्हणालो, बघू. अजून बघतोच आहे. एका वर्गात सगळ्यांना शिकवणं मला जड जातंय. माझ्या आवाजात, माझ्या वेगात, विनोदांतही अ बॅच इतकी मुरली आहे की रोज संध्याकाळी थकून जातो. या वयात मलाही नवी वाट पाडावी लागणार, असं दिसतंय. पडेल बहुधा. तुझी पडली.

परवा नांदगाव खंडेश्वरहून एक वडील आले होते. त्यांची मुलगी रोज तिथून बसनं येते, मागच्या बाकावर बसते, कधी हात वर करत नाही. ती त्यांच्या शेजारी उभी होती आणि ते मला विचारत होते, "सर, खरं सांगा. हिचं डोकं चालते का गनितात? नसन चालत त आतापासूनच दुसरं काही पाहू." मुलगी जमिनीकडे बघत होती.

या प्रश्नाला माझ्याकडे नेहमी तयार उत्तर असतं. इतकी वर्षं मी ते पोरांच्या देखत देत आलो. त्या दिवशीही ते जिभेवर आलं होतं. मी खुर्ची वळवली आणि तिला विचारलं, "तू सांग. गणिताचं काय होतंय तुझं?"

ती काही बोलली नाही. वडील म्हणाले, बोल ना, सर विचारून राहिले. मी त्यांना हातानं थांबवलं. खाली रस्त्यावर ऑटो हॉर्न देत होते. दोनदा माझ्या तोंडात तिचं उत्तर आलं, भीती वाटते का, पाया कच्चा आहे का. दोन्ही वेळा गिळलं. फार कठीण गेलं मला, ताई, नुसतं गप्प बसणं.

शेवटी तिनं मान वर केली. "समजते सर. पन तुमी फळा लय लवकर पुसता."

वडील ओशाळले. सरांशी असं बोलतात का, म्हणून तिला दटावायला लागले. मी म्हणालो, राहू द्या, बरोबर सांगतेय ती.

इतकी वर्षं शिकवतोय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगेल एवढा वेळ मी थांबलोच नव्हतो.

तुझा,
बापू